गॅदरिंगचे आठ नाच आणि एक अस्वल

गॅदरिंग संपलं की शाळेत टिकल्या उरतात. डिसेंबरात कितीही झाडून काढल्या तरी जूनमध्ये एखादी वहीच्या पानात सापडते, एखादी कुणाच्या तरी टाचेला चिकटून थेट स्टाफरूममध्ये येते. किस्स्यांचं तसंच आहे. दुपारी डबे उघडले की एकजण सुरू करतो, मग दुसऱ्याला आठवतं, मग कुणीतरी म्हणतं, "अहो, ते अस्वलाचं सांगा की!"

मी सांगत नाही. दुसरे सांगतात, सगळे हसतात आणि मी माझ्या डब्यातल्या शेंगाचटणीकडं बघत बसते. कारण त्यातलं अर्धंच त्यांना माहीत आहे.

आज इथं पहिल्यापासून सगळं सांगते. नावं बदलली आहेत. शाळेचं नाव विचारू नका. सोलापूर एवढं पुरे.

*

मी नाचांची इन्चार्ज झाले हाच मुळात किस्सा आहे.

मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. बी.एस्सी., बी.एड. आयुष्यात कधी नाचलेली नाही. चुलतभावाच्या वरातीत मी सगळ्या बहिणींच्या पर्सा धरून उभी होते. शिवाय मी दचकते. तास संपल्याची बेल झाली की दचकते. दिवसातून आठ वेळा. पोरं आता त्यावर पैजा लावतात.

स्टाफ मीटिंगमध्ये मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका बिराजदार बाईंनी, रजिस्टर उघडलं. "यंदा गॅदरिंग जोरात झालं पाहिजे. समोर इंग्लिश मीडियम आलंय, पट घसरतोय. नाचांचं कोण बघणार? हात वर करा."

सगळे फरशी बघायला लागले. माझ्या शेजारी पी.टी.चे काझी सर बसले होते. त्यांनी नवीन आणलेली शिट्टी कानाजवळ फुंकली आणि माझे दोन्ही हात वर गेले!

"व्वा! दोन्ही हात!" मोठ्या बाईंनी नाव लिहून टाकलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "सर, मुद्दाम वाजवलीत ना?"

"नई मॅडम, चेक करत होतो." मग थोडं चालून म्हणाले, "पण बरं झालं. नंतरचं नाव माझंच होतं."

*

नाच बसवायला विकी सर आले. दिवसभर नवी पेठेत साडीच्या दुकानात गिऱ्हाइकांना साड्या अंगावर घेऊन दाखवतात, संध्याकाळी डान्स क्लास. बोलतानासुद्धा मनात वन टू थ्री फोर चालू असतं त्यांच्या.

त्यांनी यादी दिली. लेझीम, भरतनाट्यम, कोळीनृत्य, धनगरी गजा, गोंधळ, हिपहॉप, पाचवीच्या पोरांचं 'जंगल' आणि लावणी.

मोठ्या बाईंनी लावणीवर लाल पेनानं आडवी रेघ मारली. "अय्यो, शाळेत लावणी? पालक शाळा पेटवतील."

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या अध्यक्षांच्या घरून फोन आला. नात नववीत. नातीनं तीन महिने लावणीची प्रॅक्टिस केली होती.

तिसऱ्या दिवशी यादीत आठवा आयटम परत आला, 'पारंपरिक लोकनृत्य'. गाणं तेच, नऊवारी तीच, नातही तीच.

"लावणी म्हणायचं नाही, एवढंच," मोठ्या बाई म्हणाल्या.

मी विकी सरांकडं बघितलं. ते अजिबात हलले नाहीत. म्हणाले, "साडीचं पण असंच आहे, मॅडम. डिफेक्ट म्हटलं की गिऱ्हाईक उठतं. डिझाइन म्हटलं की बसतं."

*

आता रेणू.

प्रॅक्टिस वरच्या हॉलमध्ये चालायची. त्या दिवशी अध्यक्षांच्या नातीला गिरकी जमत नव्हती. पाचव्यांदा, सहाव्यांदा. विकी सर कपाळाला हात लावून उभे. दाराशी आठवी ब मधली रेणू होती, त्या दिवशी झाडायची पाळी तिच्या वर्गाची. हातात झाडू. कमरेच्या वर ती अगदी स्थिर, तोंडावर काहीच नाही. आणि खाली पाय चालू!

विकी सरांनी गाणं बंद केलं. पाय त्यानंतरही दोन ठोके पुढं गेले, मग थांबले.

"कुठल्या क्लासला जातेस गं?"

"कुठल्याच न्हाय, सर."

"मग हे काय होतं?"

"काय?" रेणूनं आपल्याच पायांकडं असं बघितलं, की जणू ते दुसऱ्या कुणाचे तरी तिथं राहून गेले आहेत.

विकी सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, ही पोरगी उभी केली तर बाकीच्यांना घरी पाठवलं तरी चालेल."

मी खूश होऊन रेणूला संमतिपत्र दिलं. पालकांची सही आणायची, बस. दुसऱ्या दिवशी सही आली नाही. आई आली.

*

रेणूची आई, शोभाताई, टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायला जातात. मी प्रयोगशाळेत होते. त्या आत आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. दाराच्या आवाजानं माझ्या हातून परीक्षानळी सुटली आणि फुटली.

त्यांनी आधी खाली बसून काचा गोळा केल्या. सगळ्या. मग उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, माझी रेणू नाचाला नगं. दुसरं काय बी सांगा. झाडू द्या, पाणी वाटू द्या. नाच नगं."

"अहो, पण तिच्यात फार..."

"ठावं हाय मला तिच्यात काय हाय ते."

मग त्यांनी सांगितलं. हळू आवाजात, काचा पदरात धरून. हायवेवरच्या एका कलाकेंद्रात त्या पंधरा वर्षं नाचल्या. त्यांची आई तिथंच, मावशी तिथंच. मी एसटीतून जाताना असे बोर्ड बघितले होते. आई मला म्हणायची, तिकडं बघू नको.

"रेणू दहाची झाली. आंगणात उड्या मारत हुती. माझ्या भावानं नुसते पाय बघितले. म्हणला, आणिक चार वर्सांनी हिला फुडं उभी करू. त्याच आठवड्यात पोरगी घिऊन उठले मी. आज कुणाला ठावं न्हाय आमी कुटं ऱ्हातो. ते हुडकायलेत अजून. तुमच्या गॅदरिंगला मोबाईल असत्यात. एक जरी व्हिडिओ त्यांच्यात पोचला, तर माणसं हितं दारात येऊन उभी ऱ्हातील. मग मला हे गाव बी सोडावं लागंल आन् तिला ही शाळा."

"ती नाचणार नाही," मी म्हणाले. "माझा शब्द."

"व्हय?"

"हो. तिला गेटवर स्वागताला ठेवते. गुलाबपाणी शिंपडायला. छातीला बॅज असेल."

शोभाताई पहिल्यांदा जरा हसल्या. "बॅज म्हणजे ते रिबिनीचं फूल? मग येते की मी बघायला. रजा टाकून येते."

*

मधल्या दिवसांत दोन किस्से झाले. ते सांगितल्याशिवाय स्टाफरूममधलं कुणी मला सोडणार नाही.

पहिला आलत्याचा. भरतनाट्यमच्या बारा मुली. रंगीत तालमीला सातव्या मुलीच्या पायांपर्यंत आलता पुरला आणि बाटली रिकामी. पाच मुलींचे दहा पाय कोरे. आमच्या शाळेच्या लक्ष्मीमावशी धावून आल्या. "टीचर, तुमी कशाला टेन्शन? मी आनते," म्हणाल्या आणि प्रयोगशाळेतून जांभळं पाणी भरलेला बीकर घेऊन आल्या. काय सुंदर रंग! मी तेव्हा धनगरी गज्याच्या पागोट्यांत अडकले होते, बघितलंच नाही.

पोटॅशियम परमँगनेट. मीच सकाळी प्रयोगाला करून ठेवलेलं.

तासाभरात पाय तपकिरी झाले. चॉकलेटी म्हणा. साबणानं जाईना, घासून जाईना. रात्रीपर्यंत पाच घरांतून फोन. एका आजीनं तर नातीला दवाखान्यात नेलं, रक्त तपासायला लावलं. डॉक्टरांनी विचारलं, कुठं गेली होती? ती म्हणाली, भरतनाट्यमला.

मी लक्ष्मीमावशींना विचारलं, "बीकरवर लेबल होतं की हो!"

"लेबल होता की टीचर. पन रंग चांगला होता."

मोठ्या बाईंनी फर्मान काढलं, "पुढच्या वर्षीपासून भरतनाट्यम मोजे घालून."

*

दुसरा किस्सा झग्याचा.

धनगरी गज्यात आठ मुलगे होते. विकी सरांनी भाड्यानं सॅटिनचे झगे आणले, चकचकीत, गळ्याला सोनेरी लेस. त्यातल्या एका मुलाचे आजोबा सांगोल्याकडचे. शेरडं-मेंढरं राखण्यात जन्म गेलेला. नातवाला भेटायला आले होते, तालीम बघत उभे राहिले. पहिल्या वळणालाच त्यांनी ओळ थांबवली.

"ह्यो कशाचा झगा म्हणायचा? ह्यात वारं भरंल का?"

पुढच्या रविवारी ते परत आले. पिशवीत पांढरा सुती झगा. जुना, पिवळट पडलेला, कितीतरी घेराचा. नातवाच्या अंगावर चढवला. पोरानं एक गिरकी घेतली आणि तो झगा असा फुलला, की विकी सर सगळं विसरून टाळ्या वाजवायला लागले.

"माझ्या बाचा हाय," आजोबा म्हणाले. "मी जपून ठिवलाय. मेल्यावर माझ्या अंगावर घालायला."

विकी सरांनी झग्याला लावलेला हात काढून घेतला.

"म्हणून म्हणतो बाई, नाच झाला की तेवढा लगी परत द्या. माझा काय भरवसा?"

त्या दिवसापासून तो झगा माझ्या घरी, कपाटात, किल्ली माझ्या उशाखाली. रोज सकाळी मी नातवाला विचारायचे, "आजोबा बरे आहेत ना?" चौथ्या दिवशी तो पोरगा रडायला लागला. म्हणाला, मॅडम, तुम्हाला काय कळलंय का?

*

गॅदरिंगला दोन दिवस उरले आणि अस्वलाला कांजिण्या निघाल्या.

'जंगल'मध्ये पाचवीचे ससे, हरणं, एक मोर आणि एक अस्वल. अस्वलाचं काम सहावीतल्या एका दांडग्या मुलाला दिलं होतं, कारण ड्रेस मोठा होता. काळा, केसाळ, आतून कुणाच्या तरी मागच्या वर्षीच्या घामाचा वास. डोकं वेगळं, टोपलीएवढं, तोंडाच्या जागी जाळी. त्यातूनच बघायचं. पावलं तेवढी उघडी, कारण अस्वलाचे बूट दुकानदाराकडून हरवले होते.

पाचवीतली पोरं त्या ड्रेसमध्ये घातली तर दिसेनाशी व्हायची. दुसरं कुणी तयार होईना. वास!

रेणू माझ्याजवळ आली. "मॅडम, मी हुते अस्वल."

"नाही."

"अस्वलाला नाच न्हाय मॅडम. झाडापाशी हुभं ऱ्हायचं आन् मान हलवायची. मी बघितलंय."

"नाही रेणू. मी आईला शब्द दिलाय."

"तोंड सगळं झाकलेलं हाय. आत कोन हाय कुणाला दिसतंय?"

"नाही म्हटलं ना!"

तीन वेळा मी नाही म्हणाले, हे मला देवापुढंसुद्धा सांगता येईल. चौथ्या वेळी तिनं विचारलं, "मॅडम, मी स्टेज नुसतं बघितलं तर? आतून कसं दिसतंय तेवढं?" मी हो म्हणाले नाही. मी काहीच म्हणाले नाही. विकी सर म्हणाले, "चला, अस्वल फायनल," आणि पुढच्या आयटमकडं वळले.

मी त्या रात्री स्वतःला एकच वाक्य सांगत पडले होते. अस्वलाला नाच नाही. अस्वलाला नाच नाही.

*

गॅदरिंगचा दिवस. सकाळी दहाला मैदानात मांडव, खुर्च्या गच्च. गेटवर गुलाबपाणी शिंपडायला मी दुसऱ्या दोघी मुली ठेवल्या होत्या. शोभाताई सकाळी आल्या नाहीत. कारखान्यानं रजा दिली नसेल, असं मी मनाशी ठरवलं आणि मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मला आजही आठवतं.

लेझीम झालं. भरतनाट्यम झालं, चॉकलेटी पायांसकट. धनगरी गजा झाला, झगा फुलला, आजोबा पहिल्या रांगेत, धडधाकट. मी झगा तिथल्या तिथं त्यांच्या हातात दिला. ते म्हणाले, "आता बिनघोर."

मग कोळीनृत्य सुरू झालं. निळ्या साड्यांचा समुद्र, पुठ्ठ्याची होडी, पोरी वल्ही मारताहेत. आणि मांडवात एकदम शंभरेक मोबाईल वाजले, सगळे घरून. मी दचकले, पण या वेळी माझ्याबरोबर सगळाच मांडव दचकला.

नळाला पाणी आलं होतं!

आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांआड येतं. त्या भागाचा दिवस उद्याचा होता, आलं आज. एक आई उठली, मग रांग उठली, मग रांगांच्या रांगा. "चल गं, तासात जातंय!" "माझी छकुली आत्ता येणार होती की हो!" "छकुली रोज हाय, पाणी हाय का रोज?" दोन मिनिटांत निम्मा मांडव रिकामा. स्टेजवर समुद्र हलत होता आणि आया बादल्यांसाठी पळत होत्या.

होडीतली एक छोटी कोळीण वल्हं टाकून माईकमध्येच ओरडली, "आई, माझं झाल्यावर जा की!"

तिची आई थांबली नाही.

*

आता जे सांगते, ते सगळं त्या पाण्यामुळं झालं.

मोठ्या बाई घामाघूम होऊन विंगेत आल्या. पुढचा आयटम लोकनृत्याचा होता, म्हणजे अध्यक्षांच्या नातीचा. "रिकाम्या खुर्च्यांपुढं तिला नाचवू? अध्यक्ष काय म्हणतील? लोकनृत्य शेवटी घ्या. आधी जंगल सोडा."

विकी सरांनी ससे-हरणं ढकलत स्टेजवर उभी केली. अस्वल झाडापाशी. मी मोठ्या बाईंना म्हणाले, "बाई, आया नाहीत तर निदान थोडं थांबू."

"थांबायचं कशाला? आपण लाइव्ह लावलंय ना यंदा! पाणी भरता भरता बघतील मोबाईलवर. गावाकडचे पाहुणेसुद्धा बघतायत."

"लाइव्ह?"

"अख्ख्या जगात दिसतंय," मोठ्या बाई म्हणाल्या.

मी अस्वलाला ओढून काढायला स्टेजकडं धावले, तर पडदा उघडलाच.

आयटम बदलल्याचं काझी सरांना कुणीच सांगितलं नव्हतं. ते मांडवाच्या दुसऱ्या टोकाला साउंडपाशी. त्यांच्या कागदावर लोकनृत्य होतं, त्यांनी लोकनृत्य लावलं. ढोलकीचा पहिला तोडा मांडवात घुमला.

ससे एकमेकांकडं बघायला लागले. हरणं थिजली. मोर विंगेत पळून गेला. मधल्या सशानं भोकाड पसरलं, आणि पाठोपाठ दुसऱ्यानं. मांडवात हशा. कुणीतरी ओरडलं, "अरे, हे जंगल कुठल्या तालुक्यातलं?" काझी सर खाली वाकून बरोबर फाईल शोधतायत, गाणं चालूच.

अस्वल झाडापासून निघालं. रडणाऱ्या सशाचा हात धरला, त्याला बाजूला नेऊन झाडापाशी उभं केलं. मागं वळलं. आणि नाचलं.

काय सांगू! तो केसाळ गबाळा ड्रेस, टोपलीएवढं डोकं आणि खाली ती पावलं! पहिल्या गिरकीला हशा झाला. दुसऱ्या गिरकीला मांडवातले सगळे पुरुष उभे राहिले. शिट्ट्या. काझी सरांना फाईल सापडली तेव्हा लोक त्यांच्या अंगावर ओरडले, "राहू द्या हो! राहू द्या!" मोठ्या बाईंनीसुद्धा हातानं 'चालू दे' अशी खूण केली. लक्ष्मीमावशी हसून हसून डोळे पुसत होत्या. सगळ्यांचे मोबाईल वर.

मी मोबाईलच मोजत होते. तीसच्या पुढं मला मोजता येईना.

आणि मग मला मांडवाच्या खांबाला धरून उभ्या असलेल्या शोभाताई दिसल्या. चापूनचोपून नेसलेली इरकल, डोक्यात गजरा. गेटवर लेक दिसली नाही म्हणून आत शोधत आल्या होत्या. त्या हसत नव्हत्या. त्या अस्वलाच्या डोक्याकडं बघतच नव्हत्या.

स्टाफरूममध्ये हा किस्सा इथं संपतो. अस्वलानं लावणी केली, टाळ्या, वन्समोअर. पुढचं फक्त मी बघितलंय.

*

स्टेजच्या मागं नववी अ चा वर्ग. रेणूनं डोकं काढून बाकावर ठेवलं होतं. केस चिकटलेले, श्वास फुललेला, आणि तोंडावर जे होतं ते मी जूनपासून वर्गात एकदाही बघितलेलं नव्हतं. दार उघडलं. शोभाताई आल्या. रेणूच्या तोंडावरचं ते गेलं.

मला वाटलं आता थोबाडीत बसणार, तिला नाहीतर मला. मी मधे जाऊन उभी राहिले.

त्या माझ्याकडं वळल्या. आवाज चढवला नाही. "बाई, दाखला कवा मिळंल?"

"ताई, ऐका, कुणाला काही कळलं नाही. तोंड पूर्ण झाकलेलं होतं. मोठ्या बाईंनासुद्धा माहीत नाही आत कोण होतं."

"आमच्यातली माणसं तोंड बघून न्हाय वळखत, बाई. पाय बघून वळखत्यात."

"मी तो व्हिडिओ काढून टाकायला लावते. आत्ता. लगेच."

"समद्यांच्या खिशातला बी काढताय का?"

बाहेरून मोठ्या बाईंचा आवाज आला, अस्वल कुठंय, अस्वलाला बक्षीस द्यायचंय. पोरांचा लोंढा वर्गाच्या दाराशी आला, पुढं दोघातिघांचे मोबाईल.

शोभाताईंनी पदरानं रेणूचा चेहरा पुसला. कपाळ, गळा, कानामागं, सावकाश, लहान मुलाचा पुसतात तसा. मग ते टोपलीएवढं डोकं उचललं आणि तिच्यावर परत चढवलं. बंद लावले.

"साधं चालायचं," त्या म्हणाल्या. "पाय घासत. गेटापातूर."

पोरांनी वाट दिली. भर दुपारी, अख्ख्या मैदानातून, इरकल नेसलेली एक बाई एका अस्वलाचा हात धरून चालली होती आणि अस्वल म्हाताऱ्या माणसासारखं पाय ओढत होतं. मागं पोरांची झुंड, "अस्वल! अस्वल!" कुणीतरी पुढं होऊन सेल्फी काढला. शोभाताईंनी मान दुसरीकडं वळवली, चाल मोडली नाही. पाणी भरून पहिल्या परतलेल्या चार-दोन आया वळून वळून बघत होत्या.

मी दप्तर घेऊन मागनं धावले. रेणूचं दप्तर. त्यातला डबाही तिनं खाल्ला नव्हता.

गेटवर गुलाबपाणीवाल्या दोघी मुली होत्या. त्यांनी सवयीनं दोघींवर शिंपडलं.

रिक्षा थांबली. अस्वल आत मावेना, वाकून, डोकं तिरकं करून बसवावं लागलं. रिक्षावाला मागं वळून बघत होता. मी दप्तर आत दिलं. शोभाताईंनी ते मांडीवर घेतलं आणि समोरच्या रस्त्याकडं बघत, ओठ फारसे न हलवता, शेजारच्या अस्वलाला म्हणाल्या,

"दुसऱ्या गिरकीला डावा पाय उशिरा पडला तुझा."

अस्वलानं मान हलवली.